‘हे तर उघडच आहे!’ म्हणणाऱ्या मुलीला काय सांगायचं?

पत्र : माझी मुलगी सातवीत आहे. गणित तिला आवडतं, पण संख्यांवरच्या क्रियांचे गुणधर्म आले की चिडते. ‘३ + ५ आणि ५ + ३ सारखंच असणार, हे उघडच आहे. त्याला क्रमनिरपेक्षता वगैरे कशाला म्हणायचं?’ असं तिचं म्हणणं. चाचणीत ‘८ × (५ + ३) = ८ × (३ + ५) हा कोणता गुणधर्म?’ असा प्रश्न होता. तिने ‘वितरण’ लिहिलं आणि गुण गेला. खरं सांगायचं तर मलाही वितरणच वाटलं होतं. परवा तिने विचारलं, ऋण गुणिले ऋण धन का होतं? ‘नियमच आहे तसा’ म्हणून मी वेळ मारून नेली. हे गुणधर्म सरळ पाठ करून घ्यावेत का? आणि पुढे त्यांचा काही उपयोग असतो का? — एक आई

उत्तर :

नमस्कार ताई,

आधी त्या गेलेल्या गुणाचं बघू. शिक्षकांचं बरोबर आहे. त्या मांडणीत कंस सुटलेलाच नाही. ८ बाहेर होता, तो बाहेरच राहिला. आत ५ आणि ३ यांनी फक्त जागा बदलल्या. म्हणजे ही बेरजेची क्रमनिरपेक्षता. ८ आत जाऊन दोघांनाही गुणून आला असता, ८ × ५ + ८ × ३ झालं असतं, तर ते वितरण. तुम्हा दोघींना गुणाकार, बेरीज आणि कंस असे तिघे एकत्र दिसले आणि वितरणाचंच नाव तोंडात आलं, कारण पुस्तकात वितरण असंच दिसतं. पण गुणधर्म ओळखायचा तर मांडणी कशी दिसते हे बघायचंच नाही. बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडून उजवीकडे जाताना नेमकं काय बदललं, तेवढं बघायचं.

आता ‘उघडच आहे’कडे वळू. बेरजेपुरतं मी तिचं म्हणणं मान्य करेन, तेही थोडं कुरकुरत. बोटांवर मोजणाऱ्या लहान मुलाला २ + ९८ करायला सांगा. ते दोनपासून सुरू करून अठ्ठ्याण्णव घरं पुढे जाईल. ९८ पासून दोनच घरं गेलं तरी तिथेच पोचतो, हे त्याला कधीतरी लक्षात येतं, आणि ते लक्षात येणं हा शोधच असतो. सातवीत येईपर्यंत आपण तो शोध विसरलेलो असतो, एवढंच.

गुणाकाराबाबत मात्र तिला सोडू नका. १७ चे टप्पे घेत २३ वेळा पुढे जायला सांगा: १७, ३४, ५१, ६८… मग २३ चे टप्पे घेत १७ वेळा: २३, ४६, ६९, ९२… वाटेत या दोन रांगांमध्ये एकही संख्या सामाईक येत नाही. आणि शेवटी दोघींची गाठ थेट ३९१ वर पडते. यात उघड काय आहे? मला तर हे दर वेळी थोडं जादूसारखंच वाटतं.

जादूमागचं कारण एका चित्रात आहे. वहीत ठिपके काढा, १७ ओळी, प्रत्येक ओळीत २३. आता वही आडवी धरा. ओळींचे स्तंभ झाले, स्तंभांच्या ओळी. २३ ओळी, प्रत्येकीत १७. ठिपका एकही वाढला नाही की कमी झाला नाही. या चित्राची खरी ताकद अशी, की ते काढताना १७ आणि २३ यांचा काहीही संबंध आला नाही. कुठल्याही दोन संख्या घेतल्या तरी वही तशीच फिरते. ‘४ × ६ करून बघितलं, ९ × ७ करून बघितलं, आलं सारखं’ हा झाला अनुभव. ‘वही फिरवली तर ठिपके तेवढेच’ हे झालं कारण. हजार उदाहरणं जुळली तरी नियम सिद्ध होत नाही, आणि एक उदाहरण बिघडलं तर नियम तिथल्या तिथे पडतो. सातवीच्या मुलीला गणिताबद्दल एकच गोष्ट कळायची असेल, तर ती ही असावी असं मला वाटतं.

या एका गुणधर्मामुळे एक ते दहाच्या पाढ्यांमधल्या शंभर गुणाकारांपैकी लक्षात ठेवायचे ५५ च उरतात. शिवाय कुणी ५० चे १६ टक्के विचारले की १६ चे ५० टक्के काढावेत. निम्मे, म्हणजे ८.

साहचर्याबाबत मुलांचा गोंधळ होतो, कारण ते आणि क्रमनिरपेक्षता ही जोडी नेहमी हातात हात घालून येते. क्रमनिरपेक्षतेत संख्या जागा बदलतात. साहचर्यात संख्या जागच्या जागी राहतात, फक्त आधी कोणत्या दोघांची गाठ घालायची ते बदलतं. २५ × ३७ × ४ तोंडी करताना आपण २५ आणि ४ एकत्र आणतो, १०० म्हणतो आणि ३७०० सांगून मोकळे होतो. त्या एका श्वासात दोन्ही गुणधर्म वापरले गेले: आधी ३७ × ४ चं ४ × ३७ केलं, मग २५ आणि ४ यांचा कंस बांधला. दोन्ही नेहमी एकत्र भेटत असल्यामुळे ते एकच आहेत असं वाटायला लागतं.

ते एक नाहीत, हे दाखवायला सरासरी उपयोगी पडते. दोन संख्यांची सरासरी काढताना आधी कोणती घेतली याने फरक पडत नाही, म्हणजे सरासरी क्रमनिरपेक्ष आहे. आता २, ४ आणि ८ घ्या. आधी २ आणि ४ यांची सरासरी ३, मग ३ आणि ८ यांची ५.५. उलट आधी ४ आणि ८ यांची सरासरी ६, मग २ आणि ६ यांची ४. पहिलं उत्तर ५.५, दुसरं ४. क्रम चालला, गट चालला नाही. (तिन्हींची मिळून खरी सरासरी १४ भागिले ३ आहे. म्हणजे ही दोन्ही उत्तरं तिच्यापासून लांबच. सरासऱ्यांची सरासरी काढणारी मोठी माणसंही इथे फसतात.)

शून्य आणि एक यांचं फार लांबवत नाही. कशातही ० मिळवलं किंवा कशालाही १ ने गुणलं तर ती संख्या तशीच राहते, म्हणून त्यांना अविकारक म्हणतात. हे तिला येत असेलच.

वजाबाकीत ना क्रम चालतो, ना गट. ७ − ३ आणि ३ − ७ वेगळे. (१० − ५) − २ बरोबर ३, पण १० − (५ − २) बरोबर ७. पुस्तक इथेच थांबतं आणि मुलांना वाटतं, वजाबाकी दिसली की हात बांधले. प्रत्यक्षात वजाबाकी म्हणजे विरुद्ध संख्येची बेरीज. ७ − ३ ला ७ + (−३) असं लिहिलं की बेरीजच झाली, आणि बेरजेची सगळी मुभा परत मिळाली: (−३) + ७, तेही ४ च. व्यवहारात याचा अर्थ एवढाच, की संख्या उचलायची तर तिच्या डावीकडच्या चिन्हासकट उचलायची.

८३ − ४७ + १७ घ्या. +१७ ला चिन्हासकट पुढे आणलं की ८३ + १७ − ४७, म्हणजे १०० − ४७, उत्तर ५३. पण कितीतरी मुलं इथे १९ लिहितात. का? कारण कंचेभागुबेव (कंस, ‘चे’, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी). त्यात ‘बे’ आधी आणि ‘व’ नंतर, म्हणून ती ४७ + १७ ची बेरीज आधी उरकतात आणि ८३ मधून ६४ वजा करतात. बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवर आहेत, डावीकडून जशा येतील तशा करायच्या, भागाकार-गुणाकाराचंही तसंच. हे त्या सहा अक्षरी सूत्रात मावत नाही. ते सूत्र मला आवडत नाही, हे लपवत नाही. शिकवलं असेल तर असू दे, पण ८३ − ४७ + १७ तिच्याकडून एकदा करून घ्या.

भागाकाराचंही तेच. (२४ ÷ ६) ÷ २ बरोबर २, आणि २४ ÷ (६ ÷ २) बरोबर ८. इथेही भागण्याऐवजी व्यस्त संख्येने गुणलं की मुभा परत येते.

आता वितरण. हे मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. बाकीचे गुणधर्म एकेका क्रियेपुरते असतात. बेरजेला गुणाकाराशी जोडणारा गुणधर्म हा एकटाच. हा नसता तर दोन्ही क्रिया एकमेकींना ओळखत नसलेल्या शेजारणींसारख्या राहिल्या असत्या.

तिने केलेला प्रत्येक उभ्या मांडणीचा गुणाकार म्हणजे वितरणच. २३ × १४ करताना ती आधी ४ ने गुणते, ९२ लिहिते, मग खालच्या ओळीत एककाच्या घरात शून्य किंवा फुली देऊन १ ने गुणते, २३० लिहिते आणि बेरीज करते: ३२२. ती फुली कशासाठी, हे विचारा. उत्तर ‘तशी द्यायची असते’ असं आलं, तर आपलं काम कुठे आहे ते कळलं. तो १ म्हणजे १० आहे, आणि २३ × (१० + ४) चा कंस सोडवताना २३ ने दोघांनाही गुणलंय. तोंडी ९८ × ७ करताना ७०० मधून १४ वजा करून ६८६ म्हणतो, तेही हेच.

पुढच्या वर्गांत (अ + ब) चा वर्ग येईल आणि अ वर्ग + ब वर्ग लिहिण्याचा मोह होईल. तो आजच मोडता येतो. १४ चा वर्ग १९६. १० चा वर्ग १०० आणि ४ चा १६, मिळून ११६ च. ८० कुठे गेले? १४ बाजूचा चौरस काढा, प्रत्येक बाजूवर १० आणि ४ असे भाग पाडा. चार तुकडे दिसतील: १०० चा मोठा चौरस, १६ चा छोटा, आणि कोपऱ्यांत ४० चे दोन आयत. हरवलेले ८० तिथे बसलेत.

वितरणाला दिशाही असते. (२४ + ६) ÷ ६ मध्ये भागाकार दोघांवर वाटता येतो: ४ + १. पण २४ ÷ (४ + ८) हे २ आहे, आणि २४ ÷ ४ + २४ ÷ ८ हे ६ + ३ म्हणजे ९. भाज्याची बेरीज फोडता येते, भाजकाची नाही. अपूर्णांकांत छेद फोडून गुण घालवणारी मुलं दहावीच्या पुढेही भेटतात.

तुमचा ऋण गुणिले ऋणचा प्रश्नही वितरणानेच सुटतो. मुलीला ७ × ८ किती, ते येतं. आता तेच आडवाटेने करू: (१० − ३) × (१० − २). चार तुकडे पाडा. १० × १० बरोबर १००. १० गुणिले −२ बरोबर −२०. −३ गुणिले १० बरोबर −३०. आत्तापर्यंत १०० − २० − ३०, म्हणजे ५०. चौथा तुकडा −३ गुणिले −२. उत्तर ५६ यायला हवं, हे आपल्याला आधीच माहीत आहे. मग ५० मध्ये काय मिळवायचं? ६. −६ घेतलं तर ७ × ८ चं उत्तर ४४ येईल.

हे पटलं की नेमकी सिद्धताही दाखवता येते, ती दोनच ओळींची आहे. ४ + (−४) बरोबर ०, म्हणून −३ ने त्याला गुणलं तर ० च यायला हवं. वितरणाने त्याचे दोन तुकडे होतात: −३ गुणिले ४, म्हणजे −१२, आणि −३ गुणिले −४. दोन्ही मिळून शून्य व्हायचं, तर दुसरा तुकडा +१२ असण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणजे ‘नियमच आहे तसा’ हे तुमचं उत्तर अगदीच चुकीचं नव्हतं, पण तो नियम कुणाच्या मर्जीने आलेला नाही. ऋण संख्यांनाही वितरण लागू राहावं एवढीच अट घातली, की तो आपोआप येतो. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने ब्राह्मस्फुटसिद्धांतात धन, ऋण आणि शून्य यांचे नियम सांगितले, त्यात ऋण आणि ऋण यांचा गुणाकार धन असतो हा नियम आहेच.

मात्र त्याच ग्रंथात शून्याला शून्याने भागलं तर शून्य, असंही म्हटलंय. ते पुढे टिकलं नाही. पाचशे वर्षांनी भास्कराचार्यांनी ज्याचा छेद शून्य आहे अशा राशीला खहर म्हटलं आणि तिला अनंत मानलं. आजचं अंकगणित तेही स्वीकारत नाही. ५ ÷ ० म्हणजे ‘शून्याला कशाने गुणलं तर ५ येईल?’ पण शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच येतं (हेही वितरणातूनच निघतं), म्हणून अशी संख्या सापडतच नाही. आणि ० ÷ ० विचारलं तर कुठलीही संख्या चालते, म्हणून कोणतंच एक उत्तर ठरत नाही. मुलीने हे अजून विचारलं नसेल तर लवकरच विचारेल.

राहिला उपयोगाचा प्रश्न, आणि त्याच्याबरोबर नावांचाही. माणसं हजारो वर्षं नावांशिवाय हे सगळं वापरत होती. क्रमनिरपेक्षता आणि वितरण यांना त्यांची पाश्चात्त्य नावं फ्रेंच गणिती सेर्वा यांनी १८१४ च्या सुमारास दिली, आणि तीही ३ + ५ साठी दिली नाहीत. संख्यांऐवजी क्रियांवरच क्रिया करताना काय चालतं आणि काय नाही, हे वेगळं सांगायची वेळ आली होती. सगळीकडे सगळंच चालत असतं तर नावांची गरजच पडली नसती.

१८४३ मध्ये तर खरीच पंचाईत झाली. आयर्लंडचे गणिती हॅमिल्टन अवकाशातल्या हालचाली मांडता येतील अशा नव्या संख्या शोधत होते आणि काही केल्या गाडी पुढे जात नव्हती. १६ ऑक्टोबरला डब्लिनमधल्या कालव्याच्या काठाने चालताना त्यांना वाट सापडली, पण किंमत मोजून. या संख्यांच्या गुणाकारात अ × ब आणि ब × अ सारखे येत नाहीत. क्रमनिरपेक्षता सोडली तेव्हा कुठे गणित जुळलं. साहचर्य मात्र टिकलं. आज अंतराळयानाची दिशा ठरवताना आणि संगणकावरच्या खेळांमध्ये वस्तू फिरवताना याच संख्या वापरतात. कारण फिरवणं हेच मुळात क्रमावर अवलंबून असतं. एक पुस्तक घ्या, त्याचं तोंड आपल्याकडे. आधी वरची कड मागे पाडून पाव फेरा द्या, मग पुस्तकाची पाठ जिकडे आली असेल तिकडे लक्ष न देता, उभ्या अक्षाभोवती उजवीकडे पाव फेरा. पुन्हा सुरुवातीला या आणि हेच दोन फेरे उलट क्रमाने द्या. पुस्तक वेगळ्याच स्थितीत थांबेल. सातवीतल्या मुलीला हे आवडतं, आणि ‘उघडच आहे’ची हवा निघते.

संगणकातही साहचर्य मोडतं, आणि तेही साध्या बेरजेत. दशांश अपूर्णांकांचे हिशेब करायची संगणकाची नेहमीची पद्धत साधारण पंधरा-सोळा अंकांपर्यंतच अचूक असते. एकावर सोळा शून्यं असलेल्या संख्येत १ मिळवला, तर तो १ त्यात विरून जातो. मग तीच मोठी संख्या वजा केली की उत्तर ० येतं. आधी मोठ्या संख्या एकमेकींतून वजा केल्या आणि मग १ मिळवला, तर उत्तर १. कंस कुठे घातला यावर उत्तर बदलतं, म्हणून मोठे हिशेब लिहिणाऱ्यांना बेरजेचा क्रम जपावा लागतो.

तेव्हा पाठ करून घ्यायचं का? नावं घ्या, एका संध्याकाळचं काम आहे, आणि परीक्षेत विचारतात त्याला इलाज नाही. (‘गुणधर्माचे नाव लिहा’ हा प्रश्न मला फारसा रुचत नाही. ‘हा गुणधर्म कुठे चालत नाही, एक उदाहरण द्या’ असा प्रश्न विचारला तर मूल विचार करतं.) पण नावांच्या आधी मोडणारी उदाहरणं तिला स्वतः शोधू द्या. घातांकापासून सुरुवात करा. २ चा तिसरा घात ८, ३ चा दुसरा घात ९, म्हणजे क्रम चालत नाही. मग ती २ चा चौथा आणि ४ चा दुसरा घेऊन येईल, दोन्ही १६, आणि म्हणेल, ‘चालतं की!’ घालू द्या वाद.

आणि तिला एक नवी क्रियाही द्या, जी पुस्तकात नाही, म्हणजे पाठ केलेलं काहीच कामाला येणार नाही. तिला चांदणी म्हणू. अ चांदणी ब म्हणजे अ + ब, अधिक त्या दोघांचा गुणाकार. २ चांदणी ३ म्हणजे २ + ३ + ६, बरोबर ११. ही क्रमनिरपेक्ष आहे का, हे तिला लगेच दिसेल. साहचर्य आहे का, याला वेळ लागेल. २, ३, ४ घेऊन दोन्ही बाजूंनी ५९ येईल, पण एका उदाहरणावर ती समाधान मानते का बघा. अडलीच, तर ‘प्रत्येक संख्येत एक मिळवून बघ’ एवढंच सुचवा. चांदणीचा अविकारक कोण, हेही शोधू दे. आणि एका बाजूला −१ घेतला की दुसरीकडे काहीही असलं तरी काय होतं, ते तिने तुम्हाला येऊन सांगू दे.